अमेरिकेतील पक्षीय दरी: मतदारांच्या मनातील की उमेदवार निवडण्याच्या पद्धतीतील?

राज्यशास्त्राचा विद्यार्थी, मिशिगन

अमेरिकेतील मतदार दोन टोकांना जाऊन बसला आहे, हे विधान मराठी वर्तमानपत्रांत आणि इथल्या महाराष्ट्र मंडळांतल्या गप्पांत इतक्या सहजपणे केले जाते, की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. मला ते मान्य नाही. एखादा प्रश्न मतदारासमोर थेट ठेवला, तर तो पुष्कळदा पक्षाची रेषा ओलांडतो. दरी रुंदावते ती उमेदवार ज्या पद्धतीने निवडले जातात तिच्यामुळे.

डेमोक्रॅट ज्याच्या बाजूने आणि ट्रम्प यांचा रिपब्लिकन पक्ष ज्याच्या विरोधात, असा गर्भपाताच्या हक्काचा प्रश्न घ्या. १९७३ पासून चालत आलेला घटनात्मक हक्क सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी रद्द केला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत कॅन्ससमध्ये, म्हणजे २०२० साली ट्रम्प यांनी सहज जिंकलेल्या राज्यात, हा हक्क त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेतून काढण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतदारांनी फेटाळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिसूरीने एकाच दिवशी ट्रम्प यांना भरघोस मते दिली आणि गर्भपाताचा हक्क आपल्या राज्याच्या घटनेत समाविष्टही केला. फ्लोरिडाने २०२० मध्ये ट्रम्प यांना निवडले आणि त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलरवर नेण्यास सुमारे ६१ टक्के मतांनी मंजुरी दिली. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेचा विस्तार आयडाहो, युटा आणि नेब्रास्का या रिपब्लिकन राज्यांत लोकांनी २०१८ मध्ये सार्वमताने घडवून आणला.

मग हेच मतदार ज्यांना निवडून देतात ते वॉशिंग्टनमध्ये एकत्र का येऊ शकत नाहीत? कारण बहुतेक मतदारसंघ एका पक्षासाठी सुरक्षित आहेत आणि खरा निर्णय पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच, म्हणजे मतदार पक्षाचा उमेदवार ठरवतात त्या फेरीतच होतो, जिथे थोडे आणि अधिक कडवे लोक मतदान करतात. बेळगावात वाढलेले डेमोक्रॅट श्री ठाणेदार डेट्रॉइट परिसरातील मतदारसंघातून २०२२ साली प्रतिनिधीगृहावर, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून आले, ते प्राथमिक फेरीत ३० टक्क्यांहून कमी मते मिळवून. नोव्हेंबरमधील विजय त्यानंतर जवळजवळ ठरलेलाच होता. हा त्यांच्यावरील आक्षेप नाही, हे त्या पद्धतीचे गणित आहे. प्रतिनिधीला पुढच्या खेपेस भीती वाटते ती विरोधी पक्षाची नव्हे, स्वपक्षातील आव्हानवीराची. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सेनेटर लँकफर्ड यांनी डेमोक्रॅट मर्फी आणि अपक्ष सिनेमा यांच्यासह तयार केलेले सीमाविषयक विधेयक ट्रम्प यांनी विरोध करताच कोसळले, यामागे हीच भीती मुख्यतः होती असे मला वाटते.

न्यू जर्सीकर

मी येथील नागरिक म्हणून गेली अनेक वर्षे मतदान करतो आणि आपले विवेचन मला मतदाराला दोषमुक्त करणारे वाटते. सुट्या प्रश्नावर दिलेल्या मताने त्या मतदाराचा प्राधान्यक्रम कळत नाही. मिसूरीचेच उदाहरण पुढे वाचावे: ज्या दिवशी तेथील लोकांनी गर्भपाताचा हक्क मान्य केला, त्याच दिवशी त्यांनी रिपब्लिकन बहुमताचे विधिमंडळही निवडले, आणि त्या विधिमंडळाने २०२५ मध्ये तोच हक्क मागे घेण्याचा प्रस्ताव पुन्हा मतदानाला ठेवण्याचे ठरवले. आपले प्रतिनिधी काय करतील हे त्या मतदाराला ठाऊक नव्हते, असे म्हणणे त्याचा अपमान करणे आहे. न्यायाधीशांच्या नेमणुका, कर, बंदुका आणि स्थलांतर या सर्वांचा एकत्रित विचार करून त्याने पक्ष निवडला. शिवाय गर्भ ही व्यक्ती आहे असे जो अंतःकरणापासून मानतो, त्याच्यासाठी मधला मार्ग कोणता? ती श्रद्धा प्राथमिक निवडणुकीने निर्माण केलेली नाही.

आणि मिशिगनबद्दल एक गोष्ट. आपल्या राज्यात मतदाराची पक्षनिहाय नोंदणीच नाही. ऑगस्टमध्ये कोणीही जाऊन कोणत्याही पक्षाच्या प्राथमिक फेरीत मत देऊ शकतो. दार उघडे असताना लोक आत येत नसतील, तर दोष दाराचा कसा?

इतिहासाची शिक्षिका, शिकागो

पक्षांमध्ये सरमिसळ असणे हितकारक, हे गृहीतकच मला खटकते. १९५० मध्ये येथील राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीने नेमकी उलट तक्रार केली होती: दोन्ही पक्षांत पुरेसा स्पष्ट भेद नसल्यामुळे मतदाराला खरा पर्यायच मिळत नाही, अशी. त्या काळातील सहमतीची किंमत दक्षिणेतील कृष्णवर्णीयांनी मोजली, कारण त्यांना मतपेटीपासून दूर ठेवणारे दक्षिणी डेमोक्रॅट आणि उत्तरेतील उदारमतवादी डेमोक्रॅट एकाच पक्षात होते आणि पक्ष टिकवण्यासाठी हा प्रश्न वर्षानुवर्षे बाजूला सारला जात होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा सेनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला, तेव्हा ३३ पैकी २७ रिपब्लिकन सेनेटर बाजूने होते आणि विरोधकांत बहुसंख्य दक्षिणी डेमोक्रॅट होते. त्यानंतरच्या दशकांत पक्ष हळूहळू वेगळे होत गेले. आज मत देणाऱ्याला आपण कशासाठी मत देत आहोत हे कळते, आणि माझ्या दृष्टीने ही लोकशाहीची मिळकत आहे.

ह्यूस्टनमधील नोकरदार

परदेशी कुशल नोकरदारांना मिळणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या प्रश्नावर दरी पक्षांच्या मधोमध नाहीच. डिसेंबर २०२४ मध्ये उद्योगपती मस्क आणि रामस्वामी या व्हिसाच्या बाजूने व ट्रम्प यांचे माजी सल्लागार बॅनन विरोधात, असा वाद ट्रम्प समर्थकांतच पेटला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागले. मात्र विद्यार्थीमित्राचे सार्वमताचे औषध येथे चालणार नाही. देशपातळीवर सार्वमताची तरतूद नाही, आणि ज्यांचे आयुष्य या निर्णयाने बदलते त्या आपल्यासारख्यांना मतच नाही.

राज्यशास्त्राचा विद्यार्थी, मिशिगन

न्यू जर्सीकरांच्या मुद्द्याला पुरावा देऊन उत्तर देतो. मिशिगनमध्ये दार उघडे आहे हे खरे, पण आत गेल्यावर एकाच पक्षाचा रकाना निवडावा लागतो, त्यामुळे दोन्हींकडचे मवाळ उमेदवार आवडणाऱ्याला त्यांपैकी एकच बाजू मिळते. जिथे पद्धतच बदलली तिथे काय घडले ते पाहा. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाला प्रतिनिधीगृहातील दहा रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला. त्यांपैकी चौघे पुन्हा उभे राहिले नाहीत, चौघे प्राथमिक फेरीत हरले आणि केवळ दोघे २०२२ मध्ये परत आले: कॅलिफोर्नियाचे वॅलेडेओ आणि वॉशिंग्टन राज्याचे न्यूहाउस. या दोन्ही राज्यांत सर्व पक्षांची प्राथमिक फेरी एकत्र होते आणि पहिले दोन उमेदवार पुढे जातात. सेनेटमध्ये ट्रम्प यांना दोषी ठरवणाऱ्या अलास्काच्या मर्कोव्स्की याही चौघे पुढे जाणाऱ्या अशाच नव्या पद्धतीत टिकल्या.

शिक्षिकाबाईंनी मांडलेला इतिहास मला मान्य आहे, पण स्पष्ट भेद असणे निराळे आणि सहमती झालेले विधेयकही मतदानाला न येऊ देणे निराळे. २०१३ मध्ये स्थलांतर सुधारणेचे विधेयक सेनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केले आणि प्रतिनिधीगृहाने ते चर्चेलाही घेतले नाही. यात मतदाराला कोणती स्पष्टता मिळाली?

न्यू जर्सीकर

दहापैकी एक नाव आपण सोडले. त्याच वॉशिंग्टन राज्यातील हरेरा बॉटलर त्याच पद्धतीत पहिल्या फेरीतच बाद झाल्या. आणि थेट प्रश्न हाच आपला निकष असेल, तर तो या सुधारणांनाही लावावा लागेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयडाहो, कोलोरॅडो आणि नेव्हाडा येथील मतदारांना अशा प्राथमिक फेरीबद्दल थेट विचारले गेले आणि त्यांनी ती नाकारली. अलास्कात ती हजाराहून कमी मतांच्या फरकाने वाचली.

राज्यशास्त्राचा विद्यार्थी, मिशिगन

नेव्हाडातील मतदारांनी हाच प्रस्ताव २०२२ मध्ये मंजूर केला होता. तेथे घटनादुरुस्तीला दोनदा मान्यता लागते म्हणून तो पुन्हा आला. त्याच्या विरोधात दोन्ही पक्षांचे नेते उभे होते. मतदारांनी दिलेला नकार मी मानतो, परंतु एरवी कशावरही एकमत नसलेल्या दोन पक्षांचे नेते नेमक्या याच बाबतीत एका बाजूला का आले, याचे उत्तर आपल्या मांडणीत मला सापडत नाही.