एका आवारात चूल मांडली म्हणून कुटुंब होत नाही

दुभाष्या

काल इथेच कुणीतरी लिहिलं: ‘जपानी कंपनी पुरवठादाराला घरचा माणूस मानते. ओसाकाजवळ साकाईला शार्पने टीव्हीच्या पॅनलचा कारखाना काढला तेव्हा काचवाले, फिल्टरवाले सगळे एका आवारात आणून बसवले, याला म्हणतात नातं. आपल्याकडे एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा, आला की जुना वेंडर रस्त्यावर.’ खाली लाइकांचा पाऊस. वाचून डोकं उठलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी ओसाकात नऊ वर्षं दुभाष्याचं काम केलं, त्यातली निम्मी डिस्प्लेवाल्यांच्या बैठकांत गेली. ‘केन्तो शिमास्’चं मी ‘विचार करतो’ असं भाषांतर करायचो आणि आपल्याकडून आलेले पाहुणे खूश व्हायचे. जपानी पुरवठादार मात्र तेवढ्यावर फाइल मिटायचा. काम गेलं हे त्याला कळलेलं असायचं. घरच्या माणसाला असं सांगतात होय?

आता साकाई. ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झालेला कारखाना, दहाव्या पिढीची काच, एक तुकडा २,८८० बाय ३,१३० मिलिमीटर. एवढं धूड ट्रकवर घालून लांबून आणणं परवडत नाही, म्हणून काचवाली कॉर्निंग शेजारी येऊन बसली. पडद्यावर रंग उमटवणाऱ्या कलर फिल्टरला दाई निप्पॉन आणि तोप्पान या कंपन्या. यात प्रेम कुठे आलं? वाहतुकीचा हिशेब होता. आणि टीव्ही खपेनासे झाले तेव्हा? काचेची भट्टी मनात आलं म्हणून विझवता येत नाही, शेजाऱ्यासाठी टाकलेली फिल्टरची लाइन उचलून दुसरीकडे नेता येत नाही. २०१२ मध्ये दाई निप्पॉन आणि तोप्पानने तिथले आपले विभाग त्याच कारखान्यात विलीन केले, बदल्यात शेअर घेतले. एकत्र कुटुंबात थोरल्याचं दिवाळं निघालं की धाकट्यांच्या हाती जे लागतं तेच. त्याच वर्षी तैवानच्या होन हाईचे, म्हणजे फॉक्सकॉनचे, टेरी गौ पैसे घेऊन साकाईत शिरले, २०१६ मध्ये शार्पचाच ताबा होन हाईकडे गेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे टीव्हीचे पॅनल बनणं थांबलं.

तगले कोण? ज्यांनी चार घरची कामं धरली ते. निगाताकडची कॅनन तोक्की ओलेडचे, म्हणजे स्वतः उजळणाऱ्या पडद्याचे, थर चढवायची व्हॅक्यूम यंत्रं बनवते, मोठं गिऱ्हाईक सॅमसंग. कुरारेची पीव्हीए फिल्म जगभरच्या पोलरायझरमध्ये, म्हणजे पडद्यातल्या प्रकाश गाळणाऱ्या थरात, जाते. हे सगळे ‘निष्ठावंत’ असते तर आज जपानच्या हाती तेवढंही उरलं नसतं.

अनघा_कानाझावा

दुभाष्याबुवा, बैठकीतल्या चहावरून अख्ख्या उद्योगाचा निकाल लावलात.

माझ्या सासऱ्यांचं इबाराकीत सहा माणसांचं वर्कशॉप होतं. मार्च २०११ च्या भूकंपात यंत्रं पायासकट सरकली. चौथ्या दिवशी गिऱ्हाईक कंपनीची आठ माणसं स्वतःचे डबे घेऊन दारात. तीन आठवडे राबली, यंत्रं लेव्हलला आणून दिली, बिल शून्य. तुमचा एल-वनवाला आला असता का?

आणि नातं बाजूला ठेवून निव्वळ व्यवहार केला तेव्हा काय दिवे लागले, ते आमच्या शेजारच्या हाकुसानला येऊन बघा. जपान डिस्प्लेचा फोनच्या एलसीडी पॅनलचा कारखाना. ॲपलने पैसे आगाऊ दिले, ते पॅनल पुरवून फेडायचे. २०१६ मध्ये बांधून झाला आणि २०१७ मध्ये आयफोन टेनला सॅमसंगचा ओलेड लागला. २०१९ मध्ये काम थांबलं, २०२० मध्ये इमारत शार्पला विकली. करार अगदी चोख होता म्हणे.

दुभाष्या

सासऱ्यांबद्दल आदर आहे. पण ती आठ माणसं त्यांच्यासाठी आली की स्वतःच्या अडलेल्या सुट्या भागासाठी?

हाकुसान तर माझ्याच बाजूचं उदाहरण. जपान डिस्प्ले म्हणजे सोनी, तोशिबा, हिताची यांचे थकलेले विभाग २०१२ मध्ये सरकारी पाठबळाच्या निधीने २०० अब्ज येन ओतून एकत्र बांधले. तीन पेंगणारे बैल एका जुवाला जुंपले. वर निम्म्याहून जास्त विक्री एकट्या ॲपलला. एकाच घरी भांडी घासायची सवय ती हीच, फक्त घर अमेरिकेतलं निघालं.

अनघा_कानाझावा

‘अडलेला सुटा भाग’ हे त्यांच्या तोंडावर म्हणायला हवं होतंत. गेल्या वर्षी गेले ते. त्या आठांपैकी पाच जण अंत्यविधीला आले होते, तेव्हा वर्कशॉप बंद होऊन तीन वर्षं झाली होती. कुठला भाग अडला होता तेव्हा?

भोसरीचा_लेथ

तुमचं ओसाका-कानाझावा चालू द्या. मी भोसरीत जिग-फिक्श्चर, म्हणजे काम करताना भाग पकडून ठेवायची साधनं, बनवतो, गिऱ्हाईक जपानी. नाव लिहिलं तर पुढची ऑर्डर यायची नाही. चौदा वर्षं झाली. सोडत नाहीत हे खरं. दर एप्रिलला ३ टक्के कमी करा, हेही खरं. त्यांचा माणूस स्टॉपवॉच घेऊन डोक्यावर उभा राहतो, ११ सेकंद वाचवून देतो, मी वाकून थँक्यू म्हणतो, आणि पुढच्या महिन्यात ते ११ सेकंद माझ्या दरातून कापतो.

पेमेंट ९० दिवस. सरकारने प्राप्तिकरात ४३बी-एच कलम आणलं, लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर गिऱ्हाइकाला त्या वर्षी तो खर्च धरता येणार नाही. म्हटलं सुटलो. तर पर्चेसवाला, जो आपलाच मराठी माणूस, म्हणतो, ‘लहान उद्योग म्हणून केलेली ती उद्यम नोंदणी काढून टाका ना, आपले काय घरचे संबंध आहेत.’

हिशेबनीस

लेखी करार केला असला तरी ४५ च्या वर जाता येत नाही. लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टल आहे, तिथे तक्रार टाका, व्याजासकट मिळतील.

भोसरीचा_लेथ

टाकतो. मग सात कामगारांचा पगार तुमच्या ऑफिसातून होणार का? सल्ला देऊन, फी घेऊन तुम्ही मोकळे.

हिशेबनीस

फी मागितलीय कुणी? नोंदणी काढलीत का ते सांगा आधी.

भोसरीचा_लेथ

काढली.

हिशेबनीस

मग धन्य आहे.

दुभाष्या

लेथभाऊ, तिकडेही हेच चालायचं. पुरवठादाराचे पैसे रखडवू नयेत असा कायदा जपानने १९५६ मध्येच केला, पुढे त्यात ६० दिवसांची मुदतही घातली. पण ठरल्या दिवशी हातात पडायची तेगाता, म्हणजे आपली हुंडी, ती वटायला आणखी १२० दिवस. आधी पैसे हवे तर बँकेत बट्टा सोसा. हुंडीची मुदत ६० वर आणायला नोव्हेंबर २०२४ उजाडावा लागला. घरच्या माणसाला घरात ठेवायची ही रीत.

नागपूरचा_संत्रा

आमचं कोणी ऐका राजेहो. २०१६ मध्ये बुटीबोरीत एलसीडीचा कारखाना येणार होता, २० हजार कोटींचा, वेदांता समूहाचा. २०१७ मध्ये त्यांनी जपानची काचवाली अव्हनस्ट्रेट घेतली, म्हटलं आता तर पक्कं. काच त्यांच्या घरी गेली, आमच्याकडे नुसता सातबाऱ्याचा भाव वाढला. आणि मग गुजरातला गेलेलं ते तळेगावचं तर...

दुभाष्या

तळेगाव काढलंत तर धागा उद्या दिल्लीला पोचेल. कृपा करा.

हिशेबनीस

नात्यागोत्याचं म्हणाल तर एका बाबतीत तुम्ही दोघंही चूक. पॅनलचे दर संगनमताने ठरवल्याबद्दल शार्पने २००८ मध्ये अमेरिकेत १२ कोटी डॉलर दंड कबूल केला. एलजी, तैवानची चुंगह्वा, सगळे त्याच ताटात. पुरवठादाराशी नातं असो नसो, प्रतिस्पर्ध्याशी उत्तम होतं.

अनघा_कानाझावा

यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तुम्हाला फार आनंद होऊ नये म्हणून इतकंच लिहिते.

दुभाष्या

अनघाताई, अंत्यविधीचं वाचलं. सुट्या भागाचं वाक्य मागे घेतो, बाकीचं नाही.

आणि एक गोष्ट, लिहिताना बोटं जड होतायत. २०१३ मध्ये सॅमसंगने शार्पचे ३ टक्के शेअर घेतले होते, शार्प अडचणीत असताना. होन हाईचा ताबा आल्यावर २०१६ च्या अखेरीस सॅमसंगला कळवलं की पुढच्या वर्षापासून टीव्हीचे पॅनल मिळणार नाहीत. सॅमसंगची पळापळ झाली. जुनी शार्प असती तर इतकं तडकाफडकी तोडलं नसतं. भेटीला गेले असते, बिस्किटांचा डबा नेला असता, वर्षभर ‘केन्तो’ चाललं असतं.

अनघा_कानाझावा

बिस्किटांच्या डब्यापर्यंत आलात, हेही नसे थोडके.

भोसरीचा_लेथ

उद्या नऊला ऑडिट आहे, तोक्योहून साहेब येतोय. आत्ता रात्री साडेअकराला मशीनखालचं ऑइल पुसतोय. ३ टक्क्यांचा विषय काढणार आहे. ते ‘केन्तो’ म्हणाला तर काय समजायचं?

दुभाष्या

संपलं समजायचं.

अनघा_कानाझावा

तुमच्याकडे बघून म्हणाला तर संपलं. हातातल्या जिगकडे बघत म्हणाला तर थांबा, मध्ये बोलू नका. सासरे तेवढंच बघायचे.