मारहाणीने किंवा अपघाताने दगावलेली गरोदर स्त्री मातामृत्यूत धरावी का?

चर्चाप्रस्ताव
जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे गरोदरपणात किंवा ते संपल्यावर ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू हा मातामृत्यू होय. अपघाती कारणे त्यातून वगळलेली आहेत. महाराष्ट्राचे २०१८-२० चे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, आणि ते कमी झाल्याचा आनंद मलाही आहे. परंतु नव्वदच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील तीन जिल्ह्यांतल्या सुमारे ४०० गावांच्या अभ्यासात गरोदरपणातील मृत्यूंपैकी १६ टक्के मृत्यू जोडीदाराच्या हिंसेमुळे झाल्याचे आढळले होते. हे मृत्यू मातामृत्यूतच धरावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
मी प्रसूतितज्ज्ञ आहे आणि असहमत आहे. रक्तपेढी कुठे कमी पडते, भूलतज्ज्ञ कुठे मिळत नाही, हे आम्हाला याच आकड्यावरून कळते. त्यात महामार्गावरचे अपघात आणि खून मिसळले, तर आकडा नेमका कशाने वाढला हे सांगता येणार नाही. शिवाय लग्नाला सात वर्षे झालेली नसताना विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, तर चौकशीची तरतूद कायद्यात आहेच. खुनाची नोंद खून म्हणूनच व्हावी.

प्रस्तावक
ती तशी होते कुठे? पोटावर मार बसला की वार (बाळाला रक्त पुरवणारी प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटू शकते आणि आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. केसपेपरवर ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ असे लिहिले जाते. सांगणारा नवराच असतो आणि ती खाली मान घालून बसलेली असते. ती दगावली तर कारण उरते ‘प्रसूतिपूर्व रक्तस्राव’. म्हणजे तुमच्या आकड्यात ती येते, पण मारहाण येत नाही.

प्रतिसाद २
डॉक्टरांना एक विचारावेसे वाटते. गरोदरपणात रक्ताचे आकारमान जवळपास निम्म्याने वाढते, त्यामुळे बराच रक्तस्राव होईपर्यंत नाडी आणि रक्तदाब ठीक दिसतात, आणि त्याआधीच बाळाचा रक्तपुरवठा घटू लागतो. अशा स्त्रीला काही तास देखरेखीखाली न ठेवता ‘बरी आहे’ म्हणून घरी पाठवले, तर ती आरोग्यसेवेचीच त्रुटी नव्हे काय?

प्रतिसाद १
आहे, आणि म्हणूनच अशा प्रत्येक मृत्यूचे परीक्षण मातामृत्यूसारखेच व्हावे, हे मी मान्य करतो. मात्र ३३ च्या आकड्यात ते मिसळू नयेत; कोणत्याही कारणाने झालेल्या गरोदरपणातील मृत्यूंचा वेगळा रकाना ठेवावा. नवऱ्याला बाहेर थांबवून तिला एकटीला विचारण्याची जबाबदारी मात्र आम्हा डॉक्टरांचीच आहे, पोलिसांची नव्हे.