मदत हवी आहे: ऑर्ग मोडमधून मराठी पत्र, संदर्भाची ओळ कुठे टाकू?

सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून आठवड्याला दोन-तीन पत्रं लिहावी लागतात, आणि वर्डमध्ये दर वेळी मार्जिन हलतं म्हणून वैतागून ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या ऑर्ग मोडमध्ये (साध्या मजकुरात टिपणं लिहायची सोय) नुसते मुद्दे टाइप करतो आणि लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतल्या कोमा-स्क्रिप्टच्या लेटर क्लासमधून (पत्राचा तयार साचा) पीडीएफ काढतो. पीडीएफ बनवणारं पीडीएफलाटेक देवनागरीला चालेना म्हणून त्याऐवजी झीलाटेक घेतलं, तरी ‘विषय’मधली वेलांटी ‘व’ सोडून ‘ष’ला जाऊन चिकटायची, मग कळलं की फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडायच्या पॅकेजमध्ये स्क्रिप्ट देवनागरी सांगावं लागतं. ते सांगितलं आणि नोटो सेरिफ देवनागरी हा फॉन्ट एकदम झकास दिसायला लागला.

आता अडलंय ते असं. आपल्याकडे विषय, त्याखाली संदर्भ (कधी दोन-तीन, जावक क्रमांक आणि तारखेसकट) आणि मग ‘महोदय’, पण या क्लासमध्ये विषयानंतर थेट मायनाच येतो. सध्या संदर्भ विषयातच लाइन ब्रेक देऊन कोंबतोय, तर तोही ठळक छापला जातो, फार भद्दं दिसतं. दुसरं, ‘सोबत’ आणि ‘प्रत माहितीसाठी’च्या जागी इंग्रजी लेबलं येतात, पॉलीग्लॉसिया या भाषा ठरवणाऱ्या पॅकेजमध्ये भाषा मराठी ठेवूनसुद्धा.

आणि हो, डाव्या कडेला घडीच्या खुणा छापल्या जातात, मूळ मांडणी जर्मन पाकिटांच्या मापाची ना! बँकेतल्या बाईंनी विचारलं, प्रिंटर बिघडलाय का. त्या बंद करायचा ऑप्शन सापडलाय, संदर्भाचं तेवढं कोणी केलं असेल तर आपली सेटिंग टाका ना प्लीज, एजीएमची नोटीस रविवारपर्यंत काढायचीय.