कोलोरॅडोतले बंद स्की एरिया: जुलैत बघण्यासारखं काय उरलंय?

टेकडीवाला: जुलैत डेन्व्हरला आठवडाभर मुक्काम आहे. बर्थड पास (डोंगरातला घाट) आणि हिडन व्हॅली हे दोन जुने स्की एरिया पायी फिरायचे आहेत. तिथे आता काय शिल्लक आहे? आणि झाडीतला मोकळा पट्टा स्कीवाल्यांना केबलने वर नेणाऱ्या लिफ्टचाच, हे ओळखायचं कसं?

गवताळ: बर्थडला इमारत शोधत गेलात तर हिरमोड होईल. 1937 मध्ये दोर धरून वर जायची रोप टो बसली, 1947 मध्ये दोन माणसांची चेअरलिफ्ट आली. 2001 मध्ये लिफ्ट थांबल्या आणि 2005 मध्ये लॉजही पाडलं. त्याच रस्त्यावर घाट उतरला की विंटर पार्क, 1940 पासून चालू. एवढा मोठा शेजारी असल्यावर लहान एरियाचं अवघडच.

हिडन व्हॅली (1955 ते 1991) रॉकी माउंटन नॅशनल पार्कात आहे. लिफ्ट काढल्या, उतारांवर रान वाढतंय. उन्हाळ्यात पार्कात शिरायला बहुधा वेळेचं आगाऊ आरक्षण लागतं, ते आधी तपासा.

नकाशेबाज: पट्टा ओळखायचा तर आधी घरी बसून यूएसजीएसचे (अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे) जुने टोपो, म्हणजे चढउतार दाखवणारे, नकाशे उघडा. त्यांत लिफ्टची रेघ बरेचदा दाखवलेली असते. मग आजचं उपग्रहचित्र शेजारी ठेवा.

लिफ्टचा पट्टा अरुंद, सरळसोट, सपाट जागेपासून निघून माथ्याजवळ संपणारा. विजेच्या तारांचा पट्टा माथा ओलांडून पलीकडेही जातो. स्कीच्या वाटा वळणावळणाच्या. हिमस्खलनाचा मार्ग मात्र फसवतो, तोही सरळच दिसतो. पण त्यातली कोवळी झाडं उताराकडे झुकलेली असतात आणि तळाशी मोडक्या खोडांचा ढीग असतो.

जागेवर गेल्यावर ठरावीक अंतरावर एका रेषेत काँक्रीटचे पाये शोधा. वर बोल्टांचं कडं असतं. खांब कापून नेलेला असला तर बोल्टांची टोकं गवतात उभीच राहतात, म्हणून जाड तळाचे बूट घाला. गंजलेल्या केबलचा वेटोळाही पायात अडकतो. काही उचलून आणू नका, जमीन संघराज्याची आहे.

गवताळ: बर्थड पास 3,446 मीटरवर आहे. डेन्व्हर 1,600 च्या आसपास, म्हणून पहिल्याच दिवशी वर धावू नका. जुलैत दुपारी विजा कडाडतात, माथ्यावरून बारापूर्वी उतरायला लागा.

टेकडीवाला: आभार. पुढे कधी हिवाळ्यात आलो तर तिथे स्की करता येईल?

नकाशेबाज: बर्थडला लोक करतात, पण लिफ्ट होती म्हणून उतार सुरक्षित, असं समजू नका. एरिया चालू असताना गस्तीपथक स्फोटकांनी बर्फ आधीच पाडायचं. आता ते पथक नाही, उतार तोच आहे. 30 ते 45 अंशांच्या उतारांवर धोका सर्वांत जास्त, आणि कोन डोळ्यांनी कळत नाही, मोजायचा. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि ते वापरता येणारा जोडीदार नसेल तर उन्हाळ्यातच या.