गेंड्याच्या 25 पैशांच्या नाण्याला खरोखर किती किंमत येते?

प्रश्न

नमस्कार. माझ्या वडिलांचे गावात किराणा मालाचे दुकान होते. यंदा दिवाळीपूर्वी माळा आवरताना त्यांनी गल्ल्यातील चिल्लर साठवलेला पत्र्याचा डबा सापडला. मोजली तर नाणी 412 भरली, आणि ती जवळजवळ सर्व 25 पैशांची, एका बाजूस गेंडा असलेली आहेत. ही नाणी बँकेत बदलून घेण्याची मुदत 29 जून 2011 रोजी संपली, त्या दिवसांत वडील आजारी असल्यामुळे डब्याची कोणालाच आठवण राहिली नाही.

आता मुलांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. तिच्यात असे एक नाणे दीड लाखाला जाते, असे ठामपणे सांगितले आहे. खाली दिलेल्या क्रमांकावर फोन केला असता समोरच्या गृहस्थांनी छायाचित्रे मागवली, ‘नाणी मंजूर झाली’ असे कळवले आणि नोंदणी शुल्क म्हणून 1,150 रुपये आधी भरण्यास सांगितले. पाठवलेल्या पत्रावर रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्हही आहे. पैसे मी अद्याप भरलेले नाहीत. या नाण्यांना काही किंमत आहे का, आणि असल्यास ती कशी ओळखावी? (घरच्यांनी हौसेने तीस-चाळीस नाणी काथ्याने घासून लख्ख केली आहेत, हेही सांगून ठेवतो.)

उत्तर 1

पैसे भरू नका. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेण्याच्या अशा व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी शुल्कही आकारत नाही. बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून होणाऱ्या या फसवणुकीबद्दल तिने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिला होता. नाणे न पाहता ‘मंजूर’ करणारा आणि विकणाऱ्याकडूनच पैसे मागणारा माणूस ग्राहक नसतो.

आता किमतीविषयी. आपल्याकडे ज्याला चार आणे किंवा पावली म्हणत, त्या नाण्याची गेंड्याची ही आवृत्ती 1988 पासून 2002 पर्यंत स्टेनलेस स्टीलमध्ये निघाली, आणि चारही टाकसाळींनी मिळून ती इतकी पाडली की जुन्या बाजारातील प्रत्येक विक्रेत्याकडे तिची पिशवी भरलेली असते. पुण्याच्या जुन्या बाजारात मी स्वतः वापरलेली नाणी दोन ते पाच रुपयांना एक या दराने घेतली आहेत, तीही निवडून. धातूच्या दृष्टीने पाहिले तरी एक नाणे सुमारे 2.83 ग्रॅमचे, म्हणजे आपला संपूर्ण डबा जेमतेम 1 किलो 166 ग्रॅम भरेल. त्यातही हे पोलाद लोहचुंबकाला चिकटणारे, निकेल नसलेले आहे, त्यामुळे भंगार म्हणूनही त्याला विशेष भाव नाही.

दीड लाखाचा आकडा येतो तो विक्रीच्या संकेतस्थळांवरून. तेथे कोणीही वाटेल ती किंमत लिहू शकतो. मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष हातात पडलेली किंमत यांत फरक करायला शिकल्याशिवाय या छंदात पाऊल टाकू नये, असे माझे मत आहे.

उत्तर 2

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र डबा किलोवर देऊन टाकण्याची घाई करू नये. प्रथम लोहचुंबक फिरवा. जी नाणी चिकटणार नाहीत ती तांबे-निकेलची, आधीच्या काळातील असतील. त्यांत 1980 चे ग्रामीण महिलांच्या प्रगतीविषयीचे, 1981 चे जागतिक अन्न दिनाचे, 1982 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांचे किंवा 1985 चे वनसंवर्धनाचे स्मारक नाणे मिळू शकते. त्यांनीही कोणी श्रीमंत होत नाही, पण संग्राहक ती आवर्जून शोधतात.

नंतर गेंड्याची नाणी वर्षांनुसार लावा आणि दहा पट भिंगातून वर्षाच्या खाली टाकसाळीची खूण पाहा. पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. येथे नवखे लोक हमखास फसतात, कारण नोएडाचा ठिपका गल्ल्यात घासून झिजला की तेच नाणे कोलकात्याचे वाटू लागते. नाणे तिरप्या उन्हात धरल्यास ठिपक्याच्या जागी किंचित उंचवटा दिसतो. मी एकदा अशी सात नाणी कोलकात्याची म्हणून अदलाबदलीत दिली होती आणि नंतर शरमेने परत घेतली.

खरा फरक पडतो तो दोनच गोष्टींनी. एक, नाणे चलनात न फिरता मूळ झळाळीसह राहिले असेल तर त्याला वीस-पन्नास रुपये येऊ शकतात. घासलेली नाणी मात्र या वर्गातून कायमची बाद होतात, कारण काथ्याचे बारीक ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात आणि ती झळाळी टाकसाळीची नसून घासण्याची आहे हे कळते. दुसरी गोष्ट म्हणजे टाकसाळीतील चूक: छाप मध्यभागापासून सरकलेला, दोनदा पडलेला, किंवा एका बाजूचाच छाप दुसऱ्या बाजूस उलटा आणि खोलगट उमटलेला. अशा नाण्याला गेंडा असण्याने नव्हे, चुकीमुळे किंमत येते. मात्र हातोडीने ठोकून केलेल्या ‘चुका’ही बाजारात पुष्कळ आहेत, म्हणून असे काही आढळल्यास जाणकाराला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय आनंद मानू नये.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तो क्रमांक बंद केला. दोन रविवार बसून नाणी लावली. लोहचुंबकाला नऊ नाणी चिकटली नाहीत. त्यांत 1982 च्या आशियाई स्पर्धांचे एक आणि वनसंवर्धनाची दोन निघाली, बाकीची नेहमीची. चूक म्हणावी असे एकही नाणे सापडले नाही. 1990 च्या एका नाण्याखाली ठिपका आहे की नाही यावर मुलगी आणि मी अजून भांडत आहोत, त्याचे छायाचित्र उद्या उन्हात काढून येथे देतो.

उत्तर 2

छायाचित्र काढताना नाणे हळूहळू फिरवत चार-पाच कोनांतून घ्या, एकाच कोनातून नको. आणि वर्ष व टाकसाळ यांनुसार आपल्याकडे जी नाणी एकाहून अधिक आहेत त्यांची यादीही द्यावी. माझ्या संचात हैदराबादची तीन वर्षे अजून रिकामी आहेत.