शब्दचर्चा : जुन्या कागदांत 'हिजडा' असेल तिथे आज काय लिहावं?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

आमच्या वाचनकट्ट्याच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. स्त्री आणि पुरुष या दोन खणांत न मावणारी माणसं आपल्याकडे पूर्वी कुठे होती, कशी जगत होती, हा विषय. घोडं अडलंय ते शब्दांवर. मराठेशाहीच्या कागदांत 'हिजडे' येतात, यल्लम्माच्या परंपरेत 'जोगता', तमाशात 'नाच्या', कोशांत 'षंढ' नि 'क्लीब'. संपादकांचं म्हणणं, सरसकट 'तृतीयपंथी' करून टाका, म्हणजे कुणी दुखावणार नाही. मला ते पटत नाही. पण 'हिजडा' आज शिवी म्हणून तोंडावर फेकतात, हेही रोज दिसतं. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

पंचवटीहून

ताई, 'तृतीयपंथी' मधला 'तृतीय' फार जुना आणि 'पंथी' अगदी अलीकडचा. कामसूत्रात 'तृतीया प्रकृती' आहे आणि तिचे दोन प्रकार दिलेत, स्त्रीरूपिणी आणि पुरुषरूपिणी. दुसऱ्या प्रकाराबद्दल वात्स्यायनाने एक विशेषण वापरलंय, 'प्रच्छन्नकामा'. इच्छा झाकून ठेवणारी. वरून चारचौघांसारखा पुरुष, मन पुरुषावर, आणि पोटासाठी धंदा अंग रगडून देण्याचा. तुमच्या लेखाला याहून नेमकं काही मिळायचं नाही. जगापासून लपून जगणाऱ्या माणसाची सगळी रीत त्या एका सूत्रात आहे, आणि तिथे 'पंथ' वगैरे काही नाही, 'प्रकृती' आहे. प्रकृती म्हणजे माणसाचा मूळ पिंड. अमरकोशातही मनुष्यवर्गात तृतीया प्रकृती, षंढ, क्लीब, पंड, नपुंसक ही नावं एका रांगेत येतात. आज 'षंढ' म्हटलं की भेकड किंवा वांझोटा एवढंच डोळ्यांपुढे येतं. कोशकारापुढे त्या नावाचं माणूस होतं.

आणखी एक सुचवतो. नावं सापडत नाहीत तिथे मनाई शोधा. पाली विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, 'पंडक' व्यक्तीला भिक्खू होण्याची मनाई आहे, आणि त्या नियमामागची कथा सांगते की असा एक जण आधी संघात घेतला गेला होता. आपल्या पांडवलेण्यांत वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणारे भिक्खूही विनयानेच बांधलेले होते, तेव्हा हा प्रश्न त्रिरश्मीच्या डोंगरावर कुणाला ठाऊकच नव्हता असं मी मानत नाही. बायकांचं तर जवळजवळ सगळं मनाईतूनच कळतं. मनुस्मृतीच्या ८व्या अध्यायात एका कन्येने दुसऱ्या कन्येशी संग केला तर दोनशे पण (तेव्हाचं नाणं) दंड, दुप्पट शुल्क आणि दहा फटके असा दंडक आहे. दंडाचा आकडा लिहून ठेवला, त्या मुलींसाठी मात्र साधं नामसुद्धा घडवलं नाही. लेखात बायकांचा परिच्छेद गाळू नका, एवढी विनंती.

वणीहून

पुस्तकातलं वरच्या काकांनी सांगितलं, मी गडावरचं सांगतो. कोजागिरीला सप्तशृंगगडावर तृतीयपंथीयांचा छबिना निघतो. लांबलांबून गुरू येतात, चेले येतात. काठापदराच्या साड्या, हळदीकुंकवाने भरलेली कपाळं, वाजंत्री. गावातल्या बायका लेकरं पुढे करतात, डोक्यावर हात ठेवून घेतात. त्या दिवशी 'हिजडा' हा शब्द माझ्या कानावर पडलेला नाही. हाक असते 'मावशी'.

त्यांच्या आपसातल्या बोलण्यात नाती ऐका. गुरू, चेला, नातचेला, गुरुभाई. नाव पुल्लिंगी आणि क्रियापद बाईचं. 'माझी गुरुभाई आली', 'गुरूने मला लेक मानली'. व्याकरणाच्या पुस्तकात हे बसणार नाही, पण ऐकणाऱ्याला क्षणभरही अडत नाही. घराणं, गादी, वारसा सगळं या नात्यांवर चालतं. रक्ताच्या घराने बाहेर काढलेल्या माणसांनी दुसरं घर उभं केलं, त्याची ही वीट न वीट आहे. म्हणून जुन्या कागदात 'चेला' आला तर त्याचा 'शिष्य' करू नका. शिष्य गुरुजींकडे शिकून आपल्या घरी जातो. चेला म्हातारपणी गुरूचं दुखलंखुपलं बघतो आणि मागे त्याचं चालवतो.

प्रश्नकर्ती

चेल्याचा मुद्दा फार मोलाचा, कारण सनदांचं, म्हणजे हक्क देणाऱ्या सरकारी कागदांचं, सगळं दुखणं तिथेच आहे. मराठेशाहीत हिजड्यांना ठरावीक गावांत मागण्याचा 'हक्क' होता, काहींना जमीन होती, रोख नेमणूक होती. १८१८ नंतर इंग्रजांनी इनामांची छाननी सुरू केली आणि १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत गुरूकडून चेल्याकडे जाणारं हे चालवायला नकार दिला. कारण काय, तर हे नीतीला धरून नाही. म्हणजे कागदावर 'हिजडा' हा हक्कदाराचा शब्द होता. तिथे मी 'तृतीयपंथी' घातला तर वाचणाऱ्याला वाटेल आजचा शासन निर्णय चाललाय. सनदेत मूळ शब्दच ठेवायचा हे माझं ठरलं.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याबद्दलही लिहायचंय. त्यात हिजड्यांची नोंदवही, बायकी पोशाखाला आणि नाचगाण्याला बंदी, दोन वर्षांपर्यंत कैद. तो इकडे नाशिकला लागू होता असं धरू का?

पंचवटीहून

धरू नका. तो भाग मुख्यतः उत्तरेत, तेव्हाच्या वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या बाजूला, राबवला गेला. सगळ्या हिंदुस्थानच्या गळ्यात तो सरसकट घालण्याची सवय लेखांत दिसते, त्याने आपलाच पुरावा कच्चा होतो. आपल्याकडे घाव बसला तो इनामावर आणि वारशावर. मात्र त्या कायद्यातलं एक कलम जरूर सांगा. नोंदलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येत नव्हतं, दत्तक घेता येत नव्हतं. दोन्हीकडे वार नात्यावरच आहे.

'अनैसर्गिक' संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची गोष्ट निराळी. दंडसंहिता १८६० ची, आणि ती मुंबई इलाख्यालाही होती. १८८४ चा अलाहाबाद हायकोर्टातला, खैराती नावाच्या माणसावरचा खटला बघा. बायकांचा पोशाख करून बायकांत गाताना पोलिसांनी पकडलं, खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. वर ती टिकली नाही, कारण गुन्हा कधी, कुठे, कुणाबरोबर, काहीच सिद्ध नव्हतं. 'अनैसर्गिक' हे कायद्याचं विशेषण असं नुसत्या लुगड्याला जाऊन चिकटलं. ते सुटायला ६ सप्टेंबर २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल उजाडावा लागला.

सिन्नरहून

'नाच्या' बद्दल थोडं. आमच्याकडे तमाशाचं वेड पिढीजात, म्हणून सांगते. फडात बायका येण्याआधी लुगडं नेसून पोरगाच नाचायचा, तो नाच्या पोऱ्या. गवळणीतली मावशीही पुरुषच करतो. पण प्रत्येक नाच्या 'तसा' होता असं लिहू नका. कुणी पोटासाठी नाचला, कुणी कलेसाठी, आणि कुणाला आयुष्यात तेवढे दोन तासच मनासारखं नेसता आलं. बाहेरून तिघांना एकच शब्द. बालगंधर्वांचं लुगडं नेसणं बघून घरंदाज बायका तसं नेसू लागल्या, त्यावरून त्यांच्या मनाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. 'नाच्या' हे कामाचं नाव आहे. 'जोगता' देवीला वाहिलेल्याचं. 'समलिंगी' हा आपल्या काळात माणसाच्या ओढीला दिलेला शब्द. लेखात एकाच्या जागी दुसरा आला की त्या माणसाचं आयुष्यच बदलतं.

प्रश्नकर्ती

मग सर्वनाम काय लिहू? मराठीत नपुंसकलिंग जिवंत आहे, म्हणून काही जण 'ते आलं, ते गेलं' लिहितात.

वणीहून

ते अजिबात नको, ताई. 'ते आलं' आपण लेकराला म्हणतो नाहीतर वासराला. जाणत्या माणसाला म्हटलं की लागतं. गडावर कुणी म्हटलंच तर पुढच्या मावशी तिथल्या तिथे सुनावतात. आजच्या माणसाला विचारा, ती 'मी आले' म्हणाली तर 'ती', 'मी आलो' म्हणाली तर 'तो'. मोठ्या माणसाला 'त्या' किंवा 'ते' असं आदरार्थी. सनदेतल्या माणसाला विचारता येत नाही, तिथे नावच पुन्हा लिहा किंवा 'हे हक्कदार' म्हणा, वाक्य जरा लांबेल एवढंच.

पंचवटीहून

सहमत. आणि 'किन्नर' वापरणार असाल तर जपून. संस्कृतातले किन्नर म्हणजे अर्धे मानव, अर्धे घोडा, स्वर्गातले गवई. या अर्थाने तो शब्द हिंदीतून आला, आणि २०१५ साली स्थापन झालेल्या किन्नर आखाड्याने त्याला मान मिळवून दिला. आजच्या आखाड्याबद्दल लिहिताना तोच योग्य. सनदेत नको.

प्रश्नकर्ती

छबिन्याचा फोटो छापायचाय. खाली 'कोजागिरीला गडावर आलेल्या मावश्या' असं लिहिलं तर?

वणीहून

नको. मावशी ही हाक आहे, समोर उभं राहून मारायची. छापताना 'तृतीयपंथी भाविक' लिहा, आणि फोटोतल्यांची हरकत नसेल तर ज्यांची त्यांची नावं, त्यांनी सांगितली तशीच. पुढे गुरूचं नाव लावायला सांगितलं तर तेही लावा, गाळू नका.