मदत हवी आहे: रायफलवरच्या उंच स्कोपसाठी चीकपीस (गाल टेकवायचा आधार) कोणता?

रायफलचा स्टॉक (खांद्याला टेकणारा दस्ता) लाकडी, उंची न बदलणारा; स्कोप 50 मिमी ऑब्जेक्टिव्हचा (पुढच्या भिंगाचा), उंच रिंगांवर. रिकाम्या रायफलवर डोळे मिटून गाल टेकवला आणि मग उघडले, तर डोळा 20 मिमी खाली राहतो. मान उचलावी तर गाल सुटतो, स्कोपमध्ये कडेला काळी चंद्रकोर येते आणि पॅरॅलॅक्समुळे (डोळा मध्यापासून हलल्याने) नेम सरकतो.

फोमच्या 5 मिमीच्या चार पट्ट्या चिकटपट्टीने बांधून उंची जुळली, पण फोम दबतो, घामाने गाल चिकटतो. पट्ट्याने बांधायचं कव्हर धक्क्याने फिरतं का? स्क्रूने वरखाली होणारा कायडेक्सचा (कडक प्लास्टिकचा) चीकपीस जास्त भरवशाचा वाटतो, फक्त बोल्ट (रायफलचा मागे सरकणारा दांडा) काढताना तो आड यायला नको. तिथे खाच किती ठेवता? आणि गालाच्या हाडाखाली कडा गोल बरी की सपाट?